अधिकाराविना अध्यक्षपद : अणुकचरा आणि ब्रिटनच्या समितीची कहाणी

३० जानेवारी २०१३ रोजी इंग्लंडच्या वायव्येकडील कम्ब्रिया कौंटी कौन्सिलच्या कार्यकारी मंडळाची बैठक भरली, तेव्हा दहा सदस्यांपुढे एकच प्रश्न होता. देशातील सर्वाधिक घातक किरणोत्सारी कचरा जमिनीच्या पोटात कायमचा ठेवण्यासाठी आपल्या कौंटीत जागेचा शोध चालू ठेवायचा की नाही? सात जणांनी नकार दिला, तिघांनी होकार. त्याच दिवशी कोपलंड आणि ॲलरडेल या दोन बरो कौन्सिलांनी मात्र शोध चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला होता. कोपलंडमधील जनमत चाचणीत तर ६८ टक्के लोक अनुकूल आढळले होते. परंतु कौंटी आणि बरो अशा दोन्ही स्तरांची संमती असल्याखेरीज पुढे जायचे नाही, असा शब्द सरकारने आधीच दिलेला होता. एका मतदानाने २००८ पासून चाललेली सारी प्रक्रिया थांबली.

या निकालातील विशेष बाब अशी की, नकार देण्याचा हा हक्क कम्ब्रियाच्या रहिवाशांनी कोणत्याही आंदोलनातून मिळवलेला नव्हता. तो एका सरकारी सल्लागार समितीच्या अहवालातून आला होता. 'किरणोत्सारी कचरा व्यवस्थापन समिती' हे तिचे नाव. कचरा खोल खडकात पुरणे हाच सर्वांत चांगला मार्ग आहे, असे २००६ मध्ये याच समितीने सांगितले होते. आणि ज्या गावाशेजारी तो पुरायचा त्या गावाला ठरावीक टप्प्यापर्यंत माघार घेण्याची मोकळीक असली पाहिजे, हेही तिनेच सांगितले होते. पहिल्या सल्ल्याची अंमलबजावणी दुसऱ्या सल्ल्यामुळे अडली. समितीचा पराभव झाला, असे त्यावरून म्हणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर अशी समिती कशासाठी असते आणि तिच्या अध्यक्षाच्या हाती नेमके काय असते, हे पाहावे लागते.

हाती असते ते फारच थोडे. कोणताही प्रकल्प मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार समितीला नाही. अणुभट्ट्यांवर देखरेख ठेवणारा नियामक वेगळा, कचरा हाताळणारी संस्था वेगळी, निर्णय घेणारे मंत्री वेगळे. समितीने फक्त सांगायचे, आणि सांगितलेले ऐकले जाईल अशी आपली पत राखायची. तिचे सदस्य अर्धवेळ काम करतात. पैसा आणि सचिवालय त्याच खात्याकडून येते, ज्याला सल्ला द्यायचा असतो. अशा संस्थेला 'स्वतंत्र' म्हणायचे ते अध्यक्षाच्या वागण्यावरून.

कचरा म्हणजे नेमके काय?

अणुभट्टीत जळून झालेले इंधन बाहेर काढले, की त्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्यातील युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे करता येते. मागे उरतो तो अतितीव्र किरणोत्सारी द्रव. तो काचेत मिसळून, वितळवून, पोलादी डब्यांत ओतून थंड करतात. त्याखेरीज इंधनावरची धातूची आवरणे, गाळ, दूषित यंत्रसामग्री असा मध्यम तीव्रतेचा कचरा असतो. तो आकारमानाने कितीतरी अधिक. समितीने २००६ मध्ये जो हिशेब मांडला त्यानुसार, तोवर साठलेला आणि अस्तित्वातील प्रकल्पांतून पुढे निघणारच असलेला कचरा डबाबंद केल्यावर सुमारे ४ लाख ७८ हजार घनमीटर भरणार होता. त्यातला अतितीव्र कचरा जेमतेम १,३०० घनमीटर. म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण किरणोत्साराचा फार मोठा वाटा या चिमूटभर भागातच एकवटलेला आहे.

काळाचे मान तर कल्पनेपलीकडचे. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षे आहे. तेवढ्या काळात ते निम्मे होते, नाहीसे नव्हे. पाच वर्षांनी निवडणुकीला सामोरे जाणाऱ्या मंत्र्याने लाख वर्षांचा निर्णय घ्यायचा, ही मूळ अडचण आहे. ज्यांनी कचरा निर्माण केला त्यांनीच 'काळजीचे कारण नाही' असे सांगितले, तर कोणी विश्वास ठेवत नाही. जे अणुऊर्जेच्या विरोधात आहेत त्यांना कचऱ्याचा प्रश्न सुटलेला नको असतो, असा आरोप दुसऱ्या बाजूने होतो. या दोहोंच्या मधली जागा भरून काढण्यासाठी सल्लागार समिती लागते.

या कचऱ्याचा बहुतांश भाग कम्ब्रियाच्याच किनाऱ्यावर, सेलाफील्ड येथे आहे. ब्रिटनच्या अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करणाऱ्या भट्ट्या १९५० च्या सुमारास इथेच उभ्या राहिल्या. त्यावेळी या जागेचे नाव विंडस्केल होते. १९५७ च्या ऑक्टोबरात तेथील एका भट्टीला आग लागली, ती घटना अणुऊर्जेच्या इतिहासात नोंदली गेलेली आहे. बॉम्ब बनवण्याच्या घाईत कचऱ्याचे पुढे काय, हा विचार कोणी केला नव्हता. भट्टीतून निघालेली आवरणे पाण्याने भरलेल्या काँक्रीटच्या कोठारांत टाकली गेली. ती बाहेर कशी काढायची, हे ठरवायचे राहूनच गेले.

फ्लॉवर्स यांचा इशारा

ब्रिटिशांना समित्या नेमण्याची हौस मोठी. पण या विषयातला पहिला खणखणीत इशारा एका आयोगाकडूनच आला, हे मान्य करावे लागेल. पर्यावरण प्रदूषणविषयक रॉयल कमिशनने १९७६ मध्ये आपला सहावा अहवाल दिला. दीर्घकाळ टिकणारा घातक कचरा अमर्याद काळ सुरक्षित राखण्याची पद्धत निःसंशय सिद्ध होत नाही, तोवर अणुऊर्जेच्या मोठ्या विस्ताराला हात घालू नये, असा त्याचा आशय होता. आयोगाचे अध्यक्ष सर ब्रायन फ्लॉवर्स हे स्वतः अणुभौतिकशास्त्रज्ञ आणि ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाचे अर्धवेळ सदस्य होते. अणुऊर्जेच्या विरोधकाने हेच लिहिले असते तर ते फाइलबंद झाले असते. घरातल्याच माणसाने लिहिल्यामुळे सरकारला कान द्यावे लागले. या पदावरील माणसाला विषयाशी काहीच देणेघेणे नसावे, हा समज किती भाबडा आहे, ते यावरून दिसते.

या अहवालानंतर १९७८ मध्ये किरणोत्सारी कचऱ्यावरील पहिली कायमस्वरूपी सल्लागार समिती स्थापन झाली. तिने पाव शतक अहवाल दिले. मात्र जागा निवडण्याचे काम तिच्याकडे नव्हते. ते १९८२ मध्ये अणुउद्योगाने उभारलेल्या 'नायरेक्स' या संस्थेकडे गेले. आधी जागा गुपचूप ठरवायची, मग ती जाहीर करायची आणि नंतर तिचे समर्थन करीत बसायचे, अशी नायरेक्सची रीत होती. १९८६ मध्ये पूर्व इंग्लंडमधील चार जागांची नावे पुढे आली. गावोगावी रस्ते अडवले गेले, आणि १९८७ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर चारही नावे मागे घेण्यात आली. मग सेलाफील्डकडे मोर्चा वळला. तेथे जमिनीखाली खडक तपासण्यासाठी प्रयोगशाळा खणण्याचा प्रस्ताव होता. प्रदीर्घ सार्वजनिक चौकशीनंतर तोही मार्च १९९७ मध्ये पर्यावरणमंत्री जॉन गमर यांनी फेटाळला. पुन्हा निवडणूक दारात होती.

मूळ यादीत ५३७ जागा होत्या आणि त्या चाळत चाळत बारावर आणल्या गेल्या होत्या, हे लोकांना कळायला २००५ साल उजाडावे लागले. तोवर ही यादी गुप्त होती. आपले गाव एखाद्या कार्यालयातील कपाटात यादीवर चढले आणि उतरले, याचा गावाला पत्ताच नाही! भूगर्भशास्त्र कितीही पक्के असले, तरी अशा कारभारावर कोण विश्वास ठेवील?

तेरा माणसे, पंधरा पर्याय

या अपयशाच्या राशीवर नवी समिती २००३ च्या नोव्हेंबरात उभी राहिली. जुन्या समितीचे काम पुढे स्थगित करण्यात आले. नव्या समितीच्या अध्यक्षपदी आले गॉर्डन मॅकेरॉन. ते भूशास्त्रज्ञ नव्हते, अणुशास्त्रज्ञही नव्हते. ऊर्जा-अर्थशास्त्र हा त्यांचा विषय आणि ससेक्स विद्यापीठाच्या विज्ञान धोरण संशोधन केंद्राशी त्यांचा जुना संबंध. अणुवीज खरोखर किती महाग पडते, याचे हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे मांडलेले होते.

समितीत त्यांच्यासह तेरा माणसे होती, आणि निवड मुद्दामच परस्परविरोधी केलेली होती. ग्रीनपीसच्या ब्रिटनमधील उभारणीत अग्रभागी असलेले पीट विल्किन्सन एका बाजूला, अणुउद्योगात उमेदवारी केलेले अभियंते दुसऱ्या बाजूला. अँड्र्यू ब्लॉवर्स हे सामाजिक शास्त्रांचे प्राध्यापक आणि बेडफर्डशायरचे नगरसेवक. १९८० च्या दशकात नायरेक्सने त्यांच्या कौंटीत पाऊल टाकले, तेव्हा विरोधाच्या आघाडीवर ते होते. अशा माणसांना एका टेबलाभोवती बसवून अडीच वर्षांत एकच अहवाल काढायचा, हे मॅकेरॉन यांच्यापुढचे काम होते.

त्यांनी, किंवा त्यांच्या समितीने, कोरी पाटी घेऊन सुरुवात केली. जगात आजवर सुचवले गेलेले सगळे पर्याय मांडले. ते पंधरा निघाले. अग्निबाणातून अवकाशात पाठवणे, ध्रुवीय हिमस्तरात पुरणे, समुद्रतळाखाली गाडणे, भूपट्ट एकमेकांखाली जातात तिथे सोडून देणे, असे नमुनेही त्यात होते. उड्डाणातच फुटलेल्या अग्निबाणांची आठवण असलेल्या कोणालाही पहिला पर्याय खोडायला फार वेळ लागू नये. पण समितीने तो कारणांसह, लेखी, लोकांसमोर खोडला. बैठका खुल्या ठेवल्या, कागदपत्रे प्रसिद्ध केली, वेगवेगळ्या शहरांत सामान्य नागरिकांचे गट बसवून त्यांचे म्हणणे ऐकले, शाळकरी मुलांनाही प्रश्न विचारले.

या पद्धतीवर टीकेची झोड उठली, आणि तीही सामान्य माणसांकडून नव्हे. उमराव सभेच्या विज्ञान-तंत्रज्ञान समितीने डिसेंबर २००४ मध्ये कडक शब्दांत विचारणा केली : ज्यांची उत्तरे केव्हाच मिळालेली आहेत ते प्रश्न पुन्हा उकरण्यात वेळ का दवडता, आणि समितीत पुरेसे तांत्रिक ज्ञान आहे तरी कोठे? वाद समितीच्या आतही पोहोचला. कीथ बॅव्हरस्टॉक हे जागतिक आरोग्य संघटनेत काम केलेले शास्त्रज्ञ. चेर्नोबिलनंतर बेलारूसमधील मुलांत थायरॉईडचा कर्करोग वाढल्याचे जगापुढे आणणाऱ्यांपैकी ते एक. समिती विज्ञानाला दुय्यम स्थान देते, असा त्यांचा आक्षेप होता. २००५ मध्ये मंत्र्यांनी त्यांना समितीतून दूर केले. जोखीम व्यवस्थापनाचे प्राध्यापक डेव्हिड बॉल यांनी पाठोपाठ राजीनामा दिला, आणि दोघांनी आपले आक्षेप शास्त्रीय नियतकालिकात जाहीरपणे मांडले.

हा प्रसंग मॅकेरॉन यांच्या कारकिर्दीवरचा डाग मानायचा की अपरिहार्य किंमत, यावर आजही दुमत होऊ शकते. बॅव्हरस्टॉक यांचा मुद्दा पोकळ नव्हता. खडकातून पाणी कसे झिरपते, पोलाद किती वर्षांत गंजते, हे मतदानाने ठरत नाही. पण सेलाफील्डचा प्रस्ताव निव्वळ भूजलाच्या आकडेमोडीवर कोसळला नव्हता. आकडेमोड करणाऱ्यांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता, हेही तितकेच खरे. टीकेनंतर समितीने तज्ज्ञांची मदत वाढवली, पर्यायांना शास्त्रीय निकषांवर गुण देण्याची पद्धत राबवली, पण लोकांशी बोलण्याचा भाग सोडला नाही. सर्व बाजूंनी रेटा असताना अध्यक्षाने काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, याचा हा कस होता.

३१ जुलै २००६ रोजी अहवाल आला. त्यात पंधरा शिफारशी होत्या. सध्याच्या ज्ञानानुसार खोल भूगर्भात विल्हेवाट हाच सर्वोत्तम मार्ग. परंतु त्याला अनेक दशके लागतील आणि तो फसूही शकतो, म्हणून तोवरची साठवण मजबूत करा, अगदी अतिरेकी हल्ल्याचाही विचार करून. संशोधन चालू ठेवा. आणि गावे स्वेच्छेने पुढे आली तरच जागा ठरवा. या सगळ्यांचा एकत्रित विचार करा, यातली एखादीच सोयीची शिफारस उचलू नका, असे समितीने बजावले. सरकारने ऑक्टोबर २००६ मध्ये अहवाल जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला. तीस वर्षे हुलकावणी देणाऱ्या प्रश्नावर प्रथमच सरकार, उद्योग आणि विरोधकांपैकी काही जण एका कागदावर आले.

सल्ला कोणाच्या कामी येतो?

पण सल्ला दिला की तो सल्लागाराच्या हातात राहत नाही. त्याच जुलैत सरकारने ऊर्जाविषयक आढावा प्रसिद्ध करून नव्या अणुभट्ट्यांचा मार्ग मोकळा करण्याचे सूतोवाच केले. कचऱ्याचे काय, या प्रश्नाला आता सरकारकडे उत्तर होते : समितीने तोडगा दिला आहे! समितीने मात्र आपल्या शिफारशी आधीच निर्माण झालेल्या आणि टाळता न येणाऱ्या कचऱ्यापुरत्या असल्याचे स्पष्ट लिहिले होते. जो कचरा झालाच आहे त्याचे कुठेतरी काहीतरी करावेच लागणार. त्याबाबतचा नैतिक प्रश्न वेगळा. जो अजून झालेला नाही तो मुद्दाम निर्माण करायचा की नाही, हा प्रश्न वेगळा. घरात साचलेले भंगार काढायला शेजाऱ्याने मदत करणे आणि 'आता आणखी आणा' म्हणणे यांत जो फरक, तोच इथे होता. पुढे समितीतील काही माजी सदस्यांनी या गल्लतीबद्दल ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांना पत्र लिहून नाराजी कळवली. धोरण मात्र पुढे गेले.

२००७ मध्ये समितीची पुनर्रचना झाली आणि तिच्याकडे नवे काम आले : आता मार्ग सुचवायचा नाही, ठरलेल्या मार्गावर सरकार आणि यंत्रणा नीट चालतात की नाही हे तपासायचे. अध्यक्षपदी चेताजीवशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट पिकार्ड आले. २००९ मध्ये तात्पुरती साठवण, भूगर्भीय विल्हेवाट आणि संशोधन अशा तीन विषयांवर समितीने एकामागून एक अहवाल दिले. पिकार्ड यांच्यानंतर अणुप्रकल्पांचे माजी मुख्य निरीक्षक लॉरेन्स विल्यम्स, आणि पुढे भूगोलतज्ज्ञ व वॉरिक विद्यापीठाचे माजी कुलगुरू सर नायजेल थ्रिफ्ट अध्यक्ष झाले. अर्थशास्त्र, जीवशास्त्र, अणुसुरक्षा, भूगोल असा हा क्रम आहे. ज्या समितीचा सगळा विषयच खडक, तिच्या या चार अध्यक्षांत भूशास्त्रज्ञ एकही नाही. तांत्रिक ज्ञान सदस्यांकडून मिळते. अध्यक्षाकडून हवा असतो तो वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या तज्ज्ञांना एकमेकांचे म्हणणे समजावून देण्याचा आणि मंत्र्याला न आवडणारे वाक्य अहवालात टिकवून ठेवण्याचा स्वभाव.

अध्यक्षापुढची आणखी एक कसरत बाहेर फारशी चर्चिली जात नाही. समिती एकट्या लंडनची नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या सरकारांनाही ती सल्ला देते. स्कॉटलंडने २०११ मध्ये खोल भूगर्भाचा मार्ग नाकारला आणि तीव्र श्रेणीचा आपला कचरा जमिनीच्या पृष्ठभागाजवळ, तो निर्माण झाला त्या जागेनजीकच, दीर्घकाळ ठेवण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे एकाच समितीने एका सरकारला खोल पुरण्याबद्दल आणि दुसऱ्याला न पुरण्याबद्दल सल्ला द्यायचा, आणि दोघांच्याही मनात पक्षपाताचा संशय येऊ द्यायचा नाही.

अमेरिकेतील राजीनामा

अशा पदावर पत किती नाजूक असते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. तेथील अणुकचरा तांत्रिक परीक्षण मंडळ १९८७ च्या कायदादुरुस्तीने जन्माला आले. नेवाडा राज्यातील युक्का पर्वत ही एकमेव जागा तपासायची, असे ठरवणारी दुरुस्तीही हीच. बळजबरी आणि तिच्यावरचा अंकुश एकाच कायद्यात. मंडळाचे अकरा सदस्य राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सुचवलेल्या नावांतून राष्ट्राध्यक्ष नेमतात. नावे विज्ञानसंस्थेकडून, नेमणूक राजकीय सत्तेकडून, असा हा तोल आहे.

२००२ मध्ये अध्यक्ष झालेले मायकेल कोरॅडिनी हे अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक. ते अणुउद्योगाला अनुकूल असल्याची तक्रार नेवाडातून सतत होत राहिली. त्यांच्याच अध्यक्षतेखाली मंडळाने २००३ च्या अखेरीस ऊर्जा खात्याला कळवले की, कचरा इतक्या उच्च तापमानात ठेवण्याचा आराखडा राबवला तर डबे गंजून त्यांना भोके पडण्याचा धोका आहे. उद्योगाच्या बाजूचा म्हणवला गेलेला अध्यक्ष उद्योगाला न रुचणारे पत्र पाठवतो, याहून स्वतंत्रपणाचा पुरावा कोणता? तरीही आपल्या मतांवरील वादामुळे मंडळाच्या कामावरचे लक्ष उडते आहे, असे कारण देत त्यांनी पद सोडले. जोखीम विश्लेषणातले तज्ज्ञ जॉन गॅरिक त्यांच्या जागी आले. युक्का पर्वताचा प्रकल्प पुढे ओबामा यांच्या कारकिर्दीत गुंडाळला गेला. मंडळ मात्र शिल्लक आहे.

भारतात या प्रश्नाची चर्चा वेगळ्या वळणाने जाते. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरायचे, हे आपले धोरण असल्याने उरणारा अतितीव्र कचरा तुलनेने कमी, असे अणुऊर्जा विभाग सांगतो. हा कचरा काचेत बंदिस्त करण्याची सोय तारापूर आणि तुर्भे येथे आहे. मुंबईच्या वाचकाला ही दोन्ही नावे परकी नाहीत. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, उष्णतेने खडकावर काय परिणाम होतो याचे प्रयोगही १९८० च्या दशकात झाले. पण प्रश्न संस्थेचा आहे. १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला पुरेसे स्वातंत्र्य नाही, असे ताशेरे महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात ओढले होते. नियामकाला वैधानिक दर्जा मिळण्यासाठी डिसेंबर २०२५ मधील 'शांती' कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. नियामक आणि सल्लागार यांत मात्र फरक आहे. नियम पाळले जातात की नाही हे नियामक पाहतो. मुळात धोरण बरोबर आहे काय, हे विचारण्याचे काम सल्लागाराचे.

कम्ब्रियात पुन्हा

२०१३ च्या नकारानंतर ब्रिटिश सरकारने धोरण पुन्हा लिहिले. बळजबरीकडे वळायचा मोह सरकारला झाला असता तरी नवल नव्हते. पण स्वेच्छेचे तत्त्व कायम राहिले, आणि समितीचे यश मोजायचेच असेल तर ते इथे मोजावे लागेल. २०१८ च्या धोरणात लोकांच्या पाठिंब्याची चाचणी घेतल्याशिवाय जागा पक्की करायची नाही, असे ठरले. चर्चेत उतरलेल्या भागाला वर्षाला दहा लाख पौंडांपर्यंत, आणि खोल बोअर घेण्याचा टप्पा आल्यास पंचवीस लाखांपर्यंत विकासनिधीची तरतूद झाली. याला काही जण लाच म्हणतात, काही जण मोबदला.

पुन्हा चार ठिकाणी स्थानिक भागीदारी गट स्थापन झाले; तीन कम्ब्रियात आणि एक लिंकनशायरच्या किनाऱ्यावर थेडलथॉर्प येथे. २०२३ च्या सप्टेंबरात ॲलरडेलचा विचार सोडण्यात आला. कारण या वेळी लोकांचा विरोध नव्हता. योग्य खडकच पुरेसा नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये लिंकनशायर कौंटी कौन्सिलने माघार घेतली आणि थेडलथॉर्पचे प्रकरण संपले. मध्य आणि दक्षिण कोपलंड ही दोनच नावे उरली, दोन्ही सेलाफील्डच्या परिसरातली. भूगर्भातील भांडारात पहिला डबा उतरायला २०५० चे दशक उजाडेल, असे या कामाचे सरकारी वेळापत्रक सांगते. खर्चाचा अंदाज २० अब्जांपासून ५० अब्ज पौंडांच्याही पुढे जातो.

दरम्यान सेलाफील्डची जुनी कोठारे वाट पाहत नाहीत. इंधनाची आवरणे साठवलेल्या त्या काँक्रीटच्या कोठारांपैकी एकातून १९७० च्या दशकात गळती झाली होती. २०१९ पासून ती पुन्हा लक्षात आली. रोज सुमारे २,१०० लिटर दूषित पाणी जमिनीत मुरते आहे, असे ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने जून २०२५ मध्ये सांगितले. आजूबाजूच्या लोकांना त्यापासून धोका नाही, असे यंत्रणांचे म्हणणे आहे. कोठार रिकामे करण्याचे काम सुरू झाले आहे, पण ते संथ आहे, आणि गळती २०५० च्या दशकापर्यंत चालू राहू शकेल, असे लोकलेखा समितीने नमूद केले आहे. साठवण मजबूत करा, ही २००६ च्या अहवालातील दुसरी शिफारस होती.